शेतावर मुक्काम आणि शेजारी समुद्र: कुटुंबाच्या सुट्टीचं नियोजन कसं करावं

शेत आणि समुद्र एकाच सुट्टीत अनुभवायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी खोल्यांचे फोटो पाहिले जातात, आवडली ती खोली आरक्षित होते आणि बाकीचं तिथे गेल्यावर बघू म्हणून सोडून दिलं जातं. मी याच्या उलट करायला सांगेन. आधी दोन वेळापत्रकं हातात घ्या, एक शेताचं आणि एक समुद्राचं. धार काढायची वेळ गोठा ठरवतो, भरतीची वेळ चंद्र ठरवतो, आणि या दोन्हींत पाहुण्यासाठी काही बदलत नाही. आपली सुट्टी त्यांच्या मधल्या जागेत बसवली की मुलांना दोन्ही ठिकाणचं खरं काही बघायला मिळतं. नाहीतर गोठ्यात जावं तर गुरं चरायला गेलेली आणि किनाऱ्यावर जावं तर पाणी बांधापर्यंत चढलेलं, असं होतं.

तारखा: शेतात काय चालू असेल?

शेत वर्षभर सारखं नसतं. पेरणीच्या दिवसांत घरची माणसं पहाटेपासून रानात असतात. कापणीत तर त्यांना जेवायलाही फुरसत नसते, शिवाय मोठी यंत्रं फिरत असल्याने लहान मुलांना लांबच ठेवावं लागतं. बागायती शेतावर फळं काढणीचे दिवस मुलांसाठी सर्वांत चांगले, कारण त्यांच्या हातांना खरोखर काम मिळतं. जनावरांच्या शेतावर वासरं-कोकरं जन्माला येण्याचा काळ मोलाचा, पण तो प्रत्येक कुटुंबासाठी नाही. त्याचं कारण पुढे येईलच. दोन हंगामांच्या मधला काळ शांत आणि बहुधा स्वस्त असतो. यजमानांना गप्पा मारायला वेळ असतो, बघायला मात्र थोडं कमी असतं.

म्हणून यजमानांना पहिला प्रश्न खोलीविषयी विचारू नका. "आम्ही येऊ त्या आठवड्यात तुमच्या शेतात नेमकं काय चालू असेल?" हे विचारा. ज्याचं शेत खरं आहे तो माणूस यावर भरभरून बोलतो: कोणतं पीक उभं असेल, कोणती गाय व्यायला आली आहे, पाऊस लांबला तर काय होईल. उत्तरात फक्त झोपाळा, पोहण्याचा तलाव आणि शेकोटी आली तर ती राहण्याची छान जागा असेल, शेत असेलच असं नाही. इटलीने १९८५ साली शेतावरच्या पर्यटनासाठी कायदा केला, तेव्हा त्यात हेच सूत्र धरलं: शेती हा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, पाहुणचार त्याला पूरक. जागा निवडताना कोणत्याही देशात ही कसोटी लावता येते.

तारखा: समुद्र काय करत असेल?

हा भाग थोडा लांबणार आहे, पण किनाऱ्यावरच्या सुट्टीचं निम्मं यश इथेच ठरतं.

बहुतेक किनाऱ्यांवर साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. म्हणजे भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास, आणि आज ज्या वेळी ओहोटी होती ती उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा. सकाळी ६ वाजता पूर्ण भरती असेल तर ओहोटी दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, पुढची भरती संध्याकाळी साडेसहाच्या आधी आणि दुसऱ्या दिवशीची सकाळची भरती ६.५० च्या जवळपास. काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते, म्हणून त्या ठिकाणचं अधिकृत वेळापत्रक पाहणं चुकवू नका. हे वेळापत्रक बहुतेक बंदरांसाठी बरंच आधी उपलब्ध असतं, तेव्हा खोली आरक्षित करण्यापूर्वीच ते बघता येतं.

आता चंद्र. अमावस्या आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाणाची भरती येते: पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप आत ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा चढ-उतार कमी. मुलांना खडकातली डबकी, शंख-शिंपले, ओली वाळू दाखवायची असेल तर उधाणाचे दिवस धरा, कारण एरवी पाण्याखाली राहणारा खडक त्या ओहोटीत उघडा पडतो. आजी-आजोबांना रोज किनाऱ्यावर निवांत चालायचं असेल, वाळूचा पट्टा किती उरेल याची चिंता नको असेल, तर भांगाचे दिवस बरे.

एक बारीक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. एकाच किनाऱ्यावर उधाणाची मोठी ओहोटी दर वेळी दिवसाच्या साधारण त्याच सुमारास येते. एखाद्या ठिकाणी ती सकाळी लवकर, तर दुसऱ्या ठिकाणी भर दुपारी. त्यामुळे दोन जागांमध्ये निवड करायची असेल आणि खडकातली डबकी हा मोठा भाग असेल, तर जिथे ही ओहोटी तुमच्या सोयीच्या वेळी पडते ती जागा निवडा. अमावस्येच्या बाजूचे दिवस घेतले तर रात्री चांदणं नसल्याने शेतावरून आकाशही उत्तम दिसतं. माझी पसंती याच दिवसांना.

आणि सुरक्षिततेचं गणित. पाणी सहा तास एकाच वेगाने चढत नाही. खलाशी बारांशांचा ठोकताळा वापरतात: सहा तासांत अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ असे बारा भागांपैकी भाग चढतात. भरती-ओहोटीत ४ मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात पाणी जेमतेम ३३ सेंटिमीटर वाढतं, तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र प्रत्येकी पूर्ण १ मीटर. सपाट किनाऱ्यावर १ मीटर उंची म्हणजे आडवं ५० मीटर आत येणारं पाणीही असू शकतं. पहिल्या तासात काहीच घडत नाही असं वाटतं, माणसं टेकाडाच्या पलीकडे निघून जातात आणि परतताना वाट पाण्याखाली गेलेली असते. म्हणून नियम असा ठेवा: ओहोटीच्या दीड तास आधी निघायचं, पाणी सर्वांत जास्त ओसरलेलं असताना सर्वांत लांबच्या टोकाला पोहोचायचं आणि पाणी फिरलं की आपणही फिरायचं.

जागा: किती अंतर, कसला किनारा

"समुद्रापासून दोन किलोमीटर" असं लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा सरळ रेषेतलं अंतर असतं. उपग्रह नकाशावर शेतापासून पाण्यापर्यंतची वाट स्वतः बोटाने धरून बघा. मधे खाडी आहे का? कडा आहे का? कड्यावरचं शेत देखणं असतं, पण पाण्यापर्यंत उतरायला शंभर पायऱ्या असतील तर लहान मूल खाली हसत जाईल आणि वर तुमच्या खांद्यावर येईल. डोंगरात चालण्याचा जुना अंदाज आहे: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. तो तगड्या माणसाचा हिशेब आहे. पाच-सहा वर्षांचं मूल बरोबर असेल तर वेळ दुप्पट धरा.

माझ्या मते सर्वांत चांगली जागा अशी: किनाऱ्यापासून पायी अर्ध्या तासाच्या आत, पण अगदी लाटेशेजारी नाही. लाटेला लागून असलेल्या जमिनीवर खारा वारा सतत येतो, झाडं एका बाजूला वाकलेली असतात आणि विहिरीचं पाणी मचूळ असण्याची शक्यता जास्त. थोडं आत, टेकडीच्या किंवा झाडांच्या आडोशाला असलेल्या शेतात पिकंही चांगली असतात आणि रात्रीची झोपही.

यजमानांना फोनवर विचारायच्या गोष्टी लिहून ठेवा. पिण्याचं पाणी कुठून येतं आणि शुद्ध केलेलं असतं का. शौचालय खोलीला लागून आहे की अंगणापलीकडे. खोलीत मोबाइलला रेंज येते का. शेवटचा रस्ता साध्या गाडीला झेपेल का, पावसातही. सर्वांत जवळचं दवाखान्याचं ठिकाण कोणतं आणि रात्री तिथे डॉक्टर असतात का. शेतात विहीर, शेततळं, शेणकाल्याची टाकी उघडी आहे का, त्यांना कुंपण आहे का. जनावरांजवळ मुलं कुणाच्या देखरेखीखाली जातात. भाड्यात जेवणाच्या कोणत्या वेळा धरल्या आहेत, वादळामुळे येता आलं नाही तर आगाऊ रकमेचं काय. या शेवटच्या मुद्द्याचं उत्तर लेखी घ्या, निरोपाच्या स्वरूपात असलं तरी चालेल.

मुक्काम किमान चार रात्रींचा ठेवा. दोन रात्रींत शेताची ओळखच होत नाही. मुलं पहिला दिवस नुसती बुजतात, तिसऱ्या दिवशी वासराला नावाने हाक मारू लागतात. त्याच सुट्टीत दुसरं गाव, तिसरा किल्ला कोंबू नका.

कुटुंबात कोण कोण आहे?

घरात कुणी गरोदर असेल तर शेळ्या-मेंढ्या व्यायच्या दिवसांत अशा शेतावर जाणं टाळा. व्यायलेल्या जनावराच्या वारेतून आणि स्रावातून पसरणाऱ्या काही जिवाणूंमुळे गर्भपाताचा धोका असतो, आणि तो गोठ्यात वापरलेल्या कपड्यांमधूनही येऊ शकतो. मघाशी वासरं-कोकरं जन्माचा काळ सगळ्यांसाठी नाही म्हटलं ते यासाठी.

पाच वर्षांखालच्या मुलांची काळजी वेगळ्या कारणासाठी. गाई-गुरं, शेळ्या-मेंढ्या दिसायला पूर्ण निरोगी असल्या तरी त्यांच्या शेणात ई. कोलाय ओ१५७ हा जिवाणू असू शकतो. तो लहान मुलांच्या पोटात गेला तर रक्ती जुलाब होतात आणि काहींच्या मूत्रपिंडांवरही परिणाम होतो. उपाय साधाच आहे, पण तो पाळावा लागतो: जनावराला हात लावल्यावर, गोठ्यातून आल्यावर आणि काहीही खाण्याआधी साबण आणि वाहत्या पाण्याने वीस सेकंद हात धुणं. सॅनिटायझर हा पर्याय नाही. मळलेल्या हातांवर त्याचा नीट परिणाम होत नाही आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या जंतूंवर तर तो चालतच नाही. गोठ्यात असताना तोंडात बोट, चोखणी, खाऊ काही नको. दूध ताजं असलं तरी उकळूनच प्या. धारोष्ण दुधाचं कौतुक मी लहान मुलांपुरतं तरी बाजूला ठेवते.

दमा असलेल्यांनी वाळलेला चारा आणि मळणीच्या धुळीपासून लांब राहावं, इनहेलर खिशात ठेवावा. सगळ्यांच्या धनुर्वाताच्या लसी वेळेत झाल्या आहेत का, ते निघण्यापूर्वी तपासा.

दिवस कसा लावायचा

समजा पहिल्या दिवशी ओहोटी सकाळी ९.३० ला आहे. मग दुसऱ्या दिवशी १०.२०, तिसऱ्या दिवशी ११.१०, चौथ्या दिवशी १२ च्या आसपास. हे एका कागदावर लिहा आणि शेजारी शेताच्या वेळा लिहा: धार पहाटे आणि संध्याकाळी, कोंबड्यांना दाणा सकाळी, पाणी सोडायचं असेल ते यजमान सांगतील. आपोआप दिसतं की पहिले दोन दिवस धार बघून, न्याहारी करून थेट किनाऱ्यावर जाता येतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओहोटी उन्हात जाते, तेव्हा सकाळ शेताला द्यायची आणि किनारा थोडक्यात आटपायचा. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, कारण जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. ती वेळ झोपेची, वाचनाची, सावलीतल्या खेळाची. दुपार मोकळी सोडली नाही तर संध्याकाळी मुलं किरकिरतात आणि मोठेही.

एक अख्खा दिवस रिकामा ठेवा. पाऊस आला, गाय व्यायला लागली, यजमान बाजाराला निघाले आणि "येता का?" म्हणाले, तर त्या दिवशी होकार देता यावा.

शेतात वागताना

गाईला आजूबाजूचं जवळजवळ सगळं, सुमारे ३३० अंश, दिसतं. दिसत नाही ते फक्त थेट मागचं. म्हणून मागून जायचं नाही. बाजूने, खांद्याच्या दिशेने, हळू बोलत जायचं. मुलाला आधी दोन हात लांब उभं करा, गाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, कान पुढे केले, नाक फुलवून वास घेतला की मग एक पाऊल. चारा द्यायचा तर तळवा सपाट, अंगठा बोटांना चिकटवलेला. खरखरीत जीभ तळव्यावरून फिरते तेव्हा मूल एकदम हात मागे घेतं, मग स्वतःहून परत पुढे करतं. त्याला घाई करू नका, तो क्षण त्याचा आहे. वासरू बरोबर असलेल्या गाईच्या मात्र मधे जायचं नाही, कितीही गरीब असली तरी. आपला कुत्रा न विचारता नेऊ नका. चुकून गाय कुत्र्याच्या मागे लागली तर दोरी सोडून द्या, कुत्रा स्वतःला वाचवतो.

फाटक उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद ठेवायचं. कुंपणाला झटका मशीन जोडलेलं आहे का ते पहिल्याच दिवशी विचारून मुलांना दाखवा. ट्रॅक्टर हे वाहन आहे, खेळणं नाही. चालू ट्रॅक्टरवर मूल मांडीवर घेऊन फोटो काढायचा आग्रह यजमानांनी केला तरी नाही म्हणा. शेणकाल्याच्या टाकीजवळ कुणीच जायचं नाही, कारण ती ढवळली की हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो आणि तो काही क्षणांत माणसाची शुद्ध घालवतो. नुकती फवारणी झालेल्या पिकात किंवा बागेत कधी जाता येईल ते यजमानांकडून कळल्याशिवाय जाऊ नका.

येण्याआधी दुसऱ्या शेतावर गेला असाल तर बुटांचे तळ घासून धुवा. लाळ्या खुरकूतसारखे रोग चिखलातून गोठ्यापर्यंत पोहोचतात आणि यजमानाचं वर्षभराचं नुकसान होऊ शकतं. घरून आणलेलं उरलंसुरलं अन्नही जनावरांना घालू नका.

समुद्रावर

जीवरक्षक असलेला किनारा मिळत असेल तर दोन किलोमीटर जास्त जावं लागलं तरी तोच घ्या. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधलं पाणी पोहण्यासाठी, लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचं नाही. जिथे झेंडेच नाहीत तिथे आधी दहा मिनिटं उंचावर उभं राहून पाणी बघा. लाटा फुटत असताना मधेच एक पट्टा शांत, गडद दिसतो, त्यातून फेस आणि वाळू समुद्राकडे जाताना दिसते. नवख्या माणसाला तीच जागा पोहायला सुरक्षित वाटते, प्रत्यक्षात तो किनाऱ्यावरून आत ओढणारा प्रवाह असतो. त्याचा वेग सेकंदाला २ मीटरच्या वर जाऊ शकतो, म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्याच्याविरुद्ध पोहता येत नाही. सापडलात तर घाबरून किनाऱ्याकडे झगडू नका. तरंगत राहा, हात हलवा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर या.

पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, पाणी आरशासारखं दिसतं. हवा भरलेल्या ट्यूब आणि गाद्या याच वेळी मुलांना घेऊन लांब जातात. त्या घरीच ठेवा. बुडणारं मूल ओरडत नाही, बहुतेक वेळा आवाजच होत नाही, त्यामुळे पाण्यात लहान मूल हाताच्या अंतरावर हवं आणि त्या वेळी लक्ष ठेवणारा मोठा माणूस नेमून दिलेला हवा. सगळेच बघत असले की कुणीच बघत नसतं.

खडकातल्या डबक्यापाशी सावली पडणार नाही असं बसा आणि दोन मिनिटं काहीही करू नका. हळूहळू पाणी जागं होतं: शंख चालायला लागतो आणि त्याला पाय फुटलेले दिसतात, कडेला मिटलेला लालसर गोळा उमलून समुद्रफूल होतं, वाळूच्या रंगाचा इवला मासा एका फटीतून दुसरीत जातो. हात लावायचा तर ओल्या बोटाने, एकदाच. दगड उलटला तर होता तसाच परत ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात मरतात. बादलीत भरून काही न्यायचं नाही. जेलीफिश चावली तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि पुढे काय करायचं ते जीवरक्षकाला विचारा, कारण उपाय जातीनुसार बदलतो.

पिशवीत काय

दोन जोड बूट, एक गोठ्याचा आणि एक खडकाचा, दोन्ही पाय झाकणारे. वाऱ्याचं जाकीट, हंगाम कोणताही असो. प्रत्येकाला वेगळी बॅटरी. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा अधिक, दर दोन तासांनी परत लावायचं. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परत फेकतो, त्यामुळे छत्रीखालीही त्वचा भाजते. जलसंजीवनीची पाकिटं, पट्ट्या, नेहमीची औषधं. शेताचे अक्षांश-रेखांश कागदावर लिहून गाडीत ठेवा, कारण रुग्णवाहिकेला "डावीकडचा मोठा वटवृक्ष" सांगून चालत नाही. अनेक देशांत ११२ हा आणीबाणीचा क्रमांक चालतो, पण तिथला नेमका क्रमांक आधीच पाहून ठेवा. नकाशा रेंज नसतानाही उघडेल असा फोनमध्ये उतरवून घ्या.

परतल्यावर

बूट आणि गोठ्यातले कपडे घरात नेण्याआधी वेगळे धुवा. पुढचे दहा दिवस मुलांकडे लक्ष ठेवा. ई. कोलायची लक्षणं बहुधा तीन-चार दिवसांत दिसतात, कधी दहाव्या दिवसापर्यंतही. जुलाबात रक्त दिसलं, मूल मलूल झालं, लघवी कमी झाली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही शेतावर राहून, जनावरांना हात लावून आलो आहोत. मग यजमानांनाही फोन करून कळवा, म्हणजे पुढच्या पाहुण्यांच्या मुलांना गोठ्यात सोडण्याआधी ते तपासणी करून घेतील.